घरच्या घरी पिझ्झा सॉस आणि बेस: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोमॅटो उतरले की माझ्याकडे फोन सुरू होतात. कुणाकडे गिरणाऱ्याहून अख्खं कॅरेट आलेलं असतं, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असतो, कुणी नवा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेतलेला असतो. तीच तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे पाण्यापाशी. पिठात ते कमी पडतं आणि सॉसमध्ये जास्त उरतं. पुढची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

सॉससाठी टोमॅटो कोणते घ्यायचे? इटालियनच लागतात का?

नाही. पिझ्झाचं माहेर असलेल्या इटलीतल्या नेपल्सचे लोक सॅन मार्झानो जातीचे लांबट टोमॅटो वापरतात, कारण ते व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात त्यांच्या दारातच पिकतात. आपल्या दारात पिंपळगाव बसवंत आणि गिरणारे आहे. फक्त आपल्याकडच्या टोमॅटोचा स्वभाव ओळखायला हवा. हा हायब्रीड माल ट्रकमधून लांबच्या बाजारांत जाण्यासाठी पिकवलेला असतो. साल जाड, अंग कडक, आणि तोडणी पूर्ण पिकण्याआधीच. आणल्या दिवशी त्याचा सॉस केलात तर रंग फिका आणि चव नुसती आंबट लागणार.

म्हणून आणलेले टोमॅटो वर्तमानपत्रावर देठाची बाजू खाली करून पसरा आणि दोन ते चार दिवस ओट्याखाली विसरून जा. फ्रिजमध्ये मात्र नको, थंडीत त्यांचं पिकणं थांबतं आणि वासही मरतो. बोटाने दाबल्यावर किंचित दबले, लालभडक झाले आणि देठाजवळचा हिरवा-पिवळा पट्टा गेला की ते तयार समजा. गोल टोमॅटोपेक्षा लांबट, अंड्याच्या आकाराच्या टोमॅटोत गर जास्त आणि बिया कमी असतात, म्हणून मिळतील तेव्हा तेच उचला. गावठी टोमॅटो चवीला फार छान, पण नुसतं पाणी. त्यांचं सार करा. सॉसमध्ये चारात एक गावठी टाकलात तर आंबटपणाला जरा जिवंतपणा येतो, त्यापुढे जाऊ नका.

एक किलो टोमॅटोचा किती सॉस होतो?

साल-बिया काढून नीट आटवला तर ३०० ते ३५० ग्रॅम. बघून जीव हळहळतो हे खरं. पण टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि पैसे आपण त्या पाण्याचेही मोजलेले असतात. दहा इंचाच्या एका पिझ्झाला ६० ते ७० ग्रॅम सॉस पुरतो, म्हणजे किलोभरात चार-पाच पिझ्झे निघतात.

सॉस पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा करायचा?

दीड किलो पिकलेले टोमॅटो घ्या. प्रत्येकाच्या बुडाला सुरीने फुली मारा, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडा आणि लगेच गार पाण्यात काढा. साल बोटाने सुटते. आता आडवे कापा आणि आतल्या बिया बुळबुळीत गरासकट अंगठ्याने चाळणीत काढा. चाळणी पातेल्यावर ठेवलेली असू द्या. बियांभोवतीचा तो बुळबुळीत भाग फेकायचा नाही. टोमॅटोची खरी मेजवानी तिथेच असते, बाहेरच्या जाड गरापेक्षा तिथे चव जास्त. चमच्याने दाबून रस खाली पाडा आणि उरलेल्या बिया कुंडीत टाका.

गर हाताने कुस्करा. मिक्सरच हवा असेल तर एक-दोन झटकेच द्या. मिनिटभर फिरवला तर त्यात हवा शिरून लाल रंगाचा गुलाबी-नारिंगी होतो, आणि बिया राहिल्या असतील तर त्या दळल्या जाऊन कडवटपणा येतो.

पसरट स्टीलच्या कढईत तीन चमचे तेल घ्या (ऑलिव्ह असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं नको, सूर्यफुलाचं चालेल). ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या मंद आचेवर टाका. लसूण फोडणीसारखा लाल करायचा नाही. वास सुटला, कडा जेमतेम पिवळ्या पडल्या, की गर आणि गाळलेला रस दोन्ही ओता. एक छोटा चमचा मीठ घाला. झाकण ठेवायचं नाही. पहिली दहा मिनिटं मध्यम आच, मग मंद, एकूण ३५ ते ४५ मिनिटं. शेवटी शेवटी सॉस बुडबुडे काढत भिंतीपर्यंत उडतो, तेव्हा वर जाळीची चाळणी उपडी घाला. वाफ जाते आणि शेगडीही वाचते.

झाला की नाही, हे घड्याळ सांगत नाही. चमचाभर सॉस बशीत टाका आणि मिनिटभर थांबा. कडेने पाण्याची कड सुटली तर अजून आटवा, नाही सुटली तर गॅस बंद. ओरेगॅनो आणि बेसिल बंद केल्यावर घालायचं. साखर चाखून बघितल्यावरच, आणि तीही चिमूटभर. आमटीत गूळ टाकायची सवय इथे आवरा, आटवल्यावर टोमॅटोचा स्वतःचा गोडवा वर येतोच.

इटलीत म्हणे सॉस शिजवतच नाहीत. मग आपण का आटवायचा?

खरं आहे. नेपल्सचा पारंपरिक सॉस म्हणजे कुस्करलेले डबाबंद टोमॅटो आणि मीठ. पण त्यांची लाकडाची भट्टी ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. त्या आचेत जादा पाणी उडून जातं. आपला ओटीजी फार तर २५० अंशांवर जातो. त्यात कच्चा पातळ सॉस घातला तर पीठ भाजत नाही, उकडतं. डबाबंद इटालियन टोमॅटो हाताशी असतील तर खुशाल कच्चे वापरा, पण चाळणीत दहा मिनिटं निथळून.

बेसिल मिळत नाही. दारातली तुळस चालेल?

नको. दोघी एकाच कुळातल्या, पण तुळशीचा वास लवंगेकडे झुकतो आणि सॉसला काढ्याची चव येते. (हे करून पाहिलं आहे. सासूबाईंनी एक घास घेऊन "कुणाला खोकला झालाय?" असं विचारलं होतं.)

मात्र एक गंमत सांगते. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचं बी. किराणा दुकानातला चमचाभर सब्जा कुंडीत पेरा. ताजा असेल तर आठवड्याभरात उगवतो. पानांचा वास विकतच्या इटालियन बेसिलइतका गोड नसेल, बडीशेपेच्या वळणावर जाईल, पण सॉसमध्ये छान लागतो. वाळलेला ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोन्हींचे वास जवळचे आहेत. पण चिमूटभरच, नाहीतर सॉस थेट पचनाच्या गोळीकडे जातो.

कांदा घालू का? लासलगाव एवढं जवळ आहे!

सॉसमध्ये नको, वर घाला. कांदा सॉसला गोड आणि जड करतो, मग त्याची ग्रेव्ही होते.

आम्ही कांदा-लसूण खात नाही. चातुर्मासात काय करायचं?

कांदा तसाही नाही. लसणाच्या जागी गरम तेलात चिमूटभर हिंग आणि थोडी भरडलेली मिरी. टोमॅटो दहा मिनिटं जास्त आटवा, म्हणजे चवीतली ती पोकळी भरून निघते.

घरात सगळ्यांना मिसळीइतकं तिखट लागतं.

लागणारच, नाशिक आहे. पण कांदा-लसूण मसाला सॉसमध्ये टाकलात तर तो पिझ्झा राहणार नाही, झणझणीत भाकरी होईल. लसणासोबत तेलात सुक्या मिरचीचे तुकडे घाला. तिखट तेलात उतरतं आणि टोमॅटो टोमॅटोच राहतो. उरलेली हौस वरून भागवा.

कोणतं भांडं वापरू?

स्टील, किंवा आतून मुलामा दिलेलं. बिडाच्या कढईत आंबट पदार्थ तासभर शिजला की काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. अॅल्युमिनियमचंही तेच. भांडी बाजारातून हौसेने आणलेलं पितळी पातेलं कल्हई असेल तरच. चिंच-लिंबाने पितळ लखलखीत होतं, ते का होतं याचा जरा विचार करा. तोच आंबटपणा सॉसमध्येही आहे.

बाटलीत भरून लोणच्यासारखा वर्षभर ठेवता येईल का?

इथे मी कुणाचंही ऐकत नाही. बाहेर ठेवायचा नाही. लोणच्याला मीठ, तेल आणि भरपूर आंबटपणा राखतो. सॉसमध्ये मीठ थोडं असतं, आणि टोमॅटो वाटतो तितका आंबट नसतो. बोट्युलिझम म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा. तिचे जंतू वाढू नयेत म्हणून पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असावा लागतो, आणि पूर्ण पिकलेला टोमॅटो बरोबर त्या सीमेवर असतो, कधी वर, कधी खाली. त्यात लसूण आणि तेल. हे विष झाकण फुगवेलच किंवा वास देईलच असं नाही.

फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, फ्रीझरमध्ये तीन-चार महिने. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि वड्या पिशवीत भरून तारीख घालते. दोन-तीन वड्यांत एक पिझ्झा होतो. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही बाहेर ठेवू नका, कारण तेच.

टोमॅटो महाग असतील तेव्हा?

ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिकच्या शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले, आणि जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या पार गेला. म्हणून स्वस्ताईत २० किलोचं कॅरेट दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि एकाच दिवशी सगळा सॉस करून गोठवा. ते जमलं नसेल तर विकतची साधी प्युरी आणा, साखर-मसाला नसलेली, आणि लसणाच्या तेलात दहा मिनिटं आटवा. केचप मात्र नको. त्यात साखर आणि व्हिनेगर असतं, पिझ्झा आंबटगोड होतो.

आता बेसकडे. मैदा कोणता?

पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचा. ११ किंवा जास्त असेल तर घ्या, ९ असेल तर केकला ठेवा. गव्हातली प्रथिनं पाणी पिऊन ग्लुटेनची जाळी विणतात आणि फुगणारी हवा तीच जाळी धरून ठेवते. इटालियन पाकिटावरचं "००" हे पीठ किती बारीक आणि किती शुभ्र आहे ते सांगतं. त्यावरून ताकद कळत नाही, त्यामुळे त्यासाठी तिप्पट पैसे मोजायची गरज नाही.

प्रमाण वाटीने सांगाल का?

नाही सांगणार. मैदा वाटीत दाबून भरला की सैल, यात पुष्कळ फरक पडतो. साधा वजनकाटा आणा.

५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा तेल, एक छोटा चमचा साखर. दहा इंचाचे चार बेस होतात. नेपल्सचं पीठ फक्त मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं. तेल आणि साखर आपल्या कमी आचेच्या ओव्हनसाठी, म्हणजे बेस मऊ राहतो आणि रंग येतो.

परातीत मैदा, यीस्ट, साखर आणि पाणी कालवून गोळा करा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. या वेळात पीठ आपणहून पाणी पितं, अर्धं मळणं फुकटात होतं. मग मीठ-तेल घालून आठ-दहा मिनिटं मळा. एक लहान गोळी दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरा. पापुद्रा फाटण्याआधी पलीकडचं दिसू लागलं की मळणं पुरे.

हाताला फार चिकटतं. पीठ लावू का?

लावायचं नाही! पोळीच्या कणकेचा हात बसलेला असतो ना, तो हात पिठाची पिशवी शोधतोच. पण पिझ्झाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैलच असतं. सुकं पीठ लावत गेलात की बेस खाकऱ्यासारखा होतो. हात पाण्याने ओले करा, पीठ कडेने उचलून मध्ये दुमडा, दहा मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा दुमडा. तीनदा केलं की तेच चिकट पीठ गुळगुळीत होतं. मी वर्षभर घट्ट पीठ मळत होते आणि दोष यीस्टला देत होते.

यीस्ट जिवंत आहे हे कसं कळेल?

कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घाला. दहा मिनिटांत फेस आला तर जिवंत. पाणी मनगटावर टाकलं तर बाळाच्या दुधाइतकं लागावं, साधारण ३८ ते ४० अंश. साठीच्या घरात गेलं की यीस्ट मरतं. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात चालतं, दाणेदार ड्राय यीस्ट आधी भिजवावं लागतं आणि सव्वापट लागतं, ताजं यीस्ट तिप्पट. उघडलेलं पाकीट घट्ट डब्यात, फ्रीझरमध्ये.

डिसेंबरात पीठ फुगतच नाही.

नाशिकची थंडी! रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर विचारूच नका. उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होणारं पीठ तेव्हा तीन तास घेतं. कोमट पाण्याने मळा आणि बंद ओटीजीत गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवा, इडलीचं पीठ ठेवतो तसंच. यीस्ट वाढवू नका, नाहीतर बेसला दारूसारखा वास येतो.

एप्रिल-मेमध्ये उलटं. फ्रिजचं गार पाणी आणि यीस्ट निम्मं. एका मे महिन्यात मी पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून मेन रोडला खरेदीला गेले. परत आले तर झाकण जमिनीवर आणि पीठ ओट्यावरून खाली उतरायच्या बेतात.

पीठ आदल्या दिवशी मळून ठेवलं तर?

तर जास्त चांगलं. यीस्ट १ ते दीड ग्रॅम घ्या, मळून अर्धा तास बाहेर ठेवा, मग गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत २४ ते ७२ तास फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट मंदावतं, पण पिठातली विकरं आपलं काम करत राहतात. चव गहिरी होते, रंग चांगला येतो, आणि पीठ ताणायला लोण्यासारखं होतं. करण्याआधी दीड-दोन तास बाहेर काढा. घाईत केलेल्या आणि दोन दिवस थांबलेल्या पिठात जो फरक आहे, तो कुठल्याही महागड्या चीजने येत नाही.

गव्हाच्या पिठाचा होतो का? खपलीचा?

तीस टक्के कणीक आणि बाकी मैदा हे माझं आवडतं प्रमाण. चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं, तेव्हा २०-२५ ग्रॅम पाणी वाढवा. पूर्ण कणकेचा बेस होतो, पण फुगत कमी. खपलीचं ग्लुटेन नाजूक असतं, तिची लापशीच करा.

दही आणि सोडा घालून, यीस्टशिवाय?

होतो, अर्ध्या तासात होतो, मुलं खातातही. फक्त तो नानचा भाऊ असतो.

नाशिकच्या द्राक्षांवर पांढरी लव असते, ते यीस्ट असतं ना? त्यापासून करता येईल?

ती लव मेणासारख्या थराची असते, यीस्टची नाही. सालीवर थोडं रानटी यीस्ट असू शकतं, पण बाजारातल्या द्राक्षांवर बुरशीनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. त्यापेक्षा कणीक आणि पाणी समप्रमाणात कालवा आणि रोज निम्मं काढून तेवढंच नवं घाला. आठ-दहा दिवसांत आंबवण तयार होतं. द्राक्षं खा.

लाटण्याने लाटू का?

लाटणं पोळीसाठी ठेवा. दोन तास साठलेली हवा ते एका फेरीत काढतं. गोळा रव्यावर ठेवा, बोटांनी मधून बाहेर दाबा आणि कडेचा बोटभर भाग सोडून द्या. पीठ आखडत असेल तर भांडू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा.

ओटीजीत किती वेळ?

सगळ्यात जास्त तापमान, दोन्ही कॉइल चालू, आत उपडा ट्रे किंवा बिडाचा तवा ठेवून निदान अर्धा तास तापवा. "तापल्याचा दिवा गेला" म्हणजे हवा तापली, तवा नव्हे. पिझ्झा त्या तापलेल्या तव्यावर सरकवा, सात ते दहा मिनिटं. फरशीचा तुकडा ठेवायचा सल्ला फिरतो, पण दगड तडकू शकतो. नुसता मायक्रोवेव्ह असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

ओव्हनच नाही.

बिडाचा तवा आणि खोलगट झाकण पुरे. तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा, बेस टाका, वर फोड येऊन खाली डाग पडले की उलटा. भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, आच मंद, झाकण, चार-पाच मिनिटं. झाकणाला साचलेलं पाणी पुसत राहा. तंदुरी रोटीसारखा तवाच गॅसवर उपडा धरायचा असेल तर सॉस लावण्याआधी. मी नंतर धरला होता, आणि बर्नर साफ करायला दोन दिवस गेले.

मधला भाग ओलाच राहतो.

सॉस पातळ, किंवा जास्त, किंवा भाज्यांचं पाणी. सिमला मिरची, कांदा, मशरूम कोरड्या तव्यावर आधी परतून गार करा. विकतचं ताजं मोझरेला पाण्यातलं असेल तर तासभर निथळा. सॉस चार चमचे, पाच नाही. आणि पिझ्झा भरून ठेवून पाहुण्यांची वाट बघू नका. पाहुणे आधी, सॉस मग.

बेकरीतला तयार बेस आणि घरचा सॉस चालेल?

चालेल. दोन्हीपैकी एकच घरी करायचं असेल तर सॉस करा. बेसच्या खालच्या बाजूला तेल लावून आधी तव्यावर कुरकुरीत करून घ्या.

एखादा गोळा उरला तर?

हाताने थापून तव्यावर भाजा, वर लोणी, ठेचलेला लसूण, कोथिंबीर. सकाळच्या चहाबरोबर. आमच्याकडे म्हणून मुद्दाम पाच गोळ्यांचं पीठ मळतात.